खानदेशातील सातपुड्याचे सर्वेक्षण व नकाशे

तापी व नर्मदा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या सातपुडा पर्वताचा जो भाग महाराष्ट्राच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत येतो, त्याच्या स्थलवर्णनात्मक सर्वेक्षणाचा व नकाशांचा इतिहास. हे तिन्ही जिल्हे पूर्वी खानदेश या एकाच जिल्ह्यात मोडत. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. त्यामुळे जुन्या नकाशांत व कागदपत्रांत पश्चिम खानदेश किंवा धुळे या नावाखाली येणारा अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे व शहादे येथील डोंगरपट्टा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे.

या प्रदेशाचा नकाशा एका वेळी व एका हेतूने तयार झालेला नाही. लष्कराने वाटा व घाट नोंदले, महसूल खात्याने तापीकाठची शेते मोजली, वन खात्याने जंगलाच्या हद्दी आखल्या आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने डोंगरांची उंची व उतार निश्चित केले. प्रत्येकाने आपल्या कामास जे आवश्यक, तेवढेच मोजले. डोंगरात कसल्या जाणाऱ्या जमिनीची मोजणी यांपैकी कोणाच्याही कामात बसत नव्हती. परिणामी शिखरांची उंची फुटांपर्यंत ज्ञात असलेल्या या प्रदेशात, कोणाचे शेत कोठे आहे याची नोंद मात्र दीर्घकाळ झाली नाही. ही उणीव पुढे येथील रहिवाशांच्या हक्कांच्या प्रश्नाशी निगडित झाली. म्हणूनच या नकाशांचा इतिहास केवळ तांत्रिक स्वरूपाचा राहत नाही.

भूस्वरूप व मोजणीतील अडचणी : खानदेशातील सातपुडा मुख्यतः बेसाल्ट खडकाच्या थरांचा बनलेला आहे. तापी खोऱ्याच्या मैदानातून तो उत्तरेस एकदम उंचावतो. पर्वताच्या पायथ्याशी गाळाचा व दगडगोट्यांचा उतरता पट्टा असून त्यातून अनेर, अरुणावती, गोमाई, सुकी, मोर इ. नद्या दक्षिणेकडे तापीस मिळतात. पश्चिमेकडील अक्राणीच्या पठारी भागातील उदई, देवगंगा यांसारख्या नद्या उत्तरेकडे नर्मदेस जातात. अक्राणीतील अस्तंभा हे शिखर १,३२५ मी. उंच आहे. तोरणमाळचे पठार व त्यावरील यशवंत तलाव हेही याच भागात येतात. नर्मदेच्या पात्रापासून अस्तंभ्याच्या माथ्यापर्यंत उंचीत एक हजार मी.हून अधिक फरक पडतो, आणि तोही थोड्या अंतरात. अशा प्रदेशात साखळीने सरळ मोजणी करणे जवळजवळ अशक्य असते. डोंगरमाथ्यांवरून कोन मोजून अंतरे काढावी लागतात.

याखेरीज हवामानाचीही अडचण होती. पावसाळा संपल्यावर हवा स्वच्छ असते व दूरची शिखरे स्पष्ट दिसतात. परंतु सातपुड्याच्या जंगलात याच महिन्यांत हिवतापाचा जोर असे. उन्हाळ्यात ताप कमी होई, तेव्हा धुळीने व वणव्यांच्या धुराने क्षितिज झाकले जाई. जी वेळ निरीक्षणास सर्वांत योग्य, तीच माणसांस सर्वांत घातक, असा हा पेच होता. भारतातील मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनाही जंगलप्रदेशात तो पुनःपुन्हा जाणवला. सूर्यप्रकाश परावर्तित करणारे आरसे व रात्रीचे दिवे यांचा उपयोग खूणस्थाने म्हणून करण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. सर्वेक्षणाचा हंगाम सर्वसाधारणपणे थंडीच्या प्रारंभी सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी संपे. उरलेल्या महिन्यांत गणिते करणे व नकाशे रेखाटणे ही कामे मुख्य ठाण्यात होत.

ब्रिटिशपूर्व व प्रारंभीचे नकाशे : मोगलकाळात खानदेश हा स्वतंत्र सुभा होता. ऐन-इ-अकबरीमध्ये त्याचा उल्लेख दांदेश या नावाने येतो व त्यातील परगण्यांची नोंद मिळते. ही नोंद महसुलाची होती, प्रदेशाच्या आकाराची नव्हती. बऱ्हाणपूर हे दक्षिणेचे प्रवेशद्वार असल्याने तेथून सुरतेकडे जाणारा तापीकाठचा मार्ग व्यापाऱ्यांना आणि फौजांना सुपरिचित होता. पर्वताच्या आतील भागाची माहिती मात्र तेथील रहिवाशांपुरतीच मर्यादित राहिली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रारंभीच्या नकाशांतही हेच चित्र दिसते. १७७९ मध्ये गॉडर्डच्या नेतृत्वाखालील फौज बऱ्हाणपूरहून तापीच्या खोऱ्यातून सुरतेस गेली. अशा कूचमार्गांवर चाललेले अंतर व दिशा यांच्या नोंदी ठेवल्या जात व त्यांच्या आधारे नकाशे जोडले जात. जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा (१७८२) व त्याची १७८८ मधील सुधारित आवृत्ती याच पद्धतीने तयार झाल्या. मुंबई इलाख्याचा सर्वेक्षणप्रमुख चार्ल्स रेनल्ड्‌स (कार. १७९६–१८०७) याने पश्चिम भारताचा मोठा नकाशा मार्गनोंदींवरूनच संकलित केला. अशा नकाशांत मार्गावरील गावे बऱ्यापैकी अचूक जागी पडत. मार्गापासून दूरचे डोंगर मात्र अंदाजाने काढलेल्या छायांकित रांगांनी दाखविले जात. या पद्धतीत सातपुडा म्हणजे दोन नद्यांमधील एक काळसर पट्टा एवढेच दिसे.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या अंमलाखाली आला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज याची तेथे नेमणूक झाली. धुळे हे मुख्य ठाणे करण्यात आले. डोंगरातील भिल्ल नाईकांचा प्रतिकार मोडण्यासाठी प्रथम घाटांच्या तोंडाशी चौक्या बसवून रसद तोडण्याचा उपाय योजण्यात आला. त्यासाठी कोणती वाट कोठे उतरते, हे कळणे आवश्यक होते. त्यामुळे या काळातील भौगोलिक माहितीचा भर घाट, पाणवठे व नाईकांची वस्तिस्थाने यांवर आहे. केवळ बळाने प्रश्न सुटत नाही हे दिसून आल्यावर, १८२५ मध्ये मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात भिल्ल एजन्सी व भिल्ल पलटण स्थापन झाली. पलटण उभी करण्याचे काम जेम्स औट्रम याच्याकडे आले. त्याने १८३५ पर्यंत खानदेशात काम केले. पलटणीतील भिल्ल शिपायांमुळे शासनास डोंगरातील वाटांची माहिती प्रथमच आतून मिळू लागली. सातपुड्याच्या उत्तरेकडील माळवा व निमाड या प्रदेशांचा नकाशा जॉन मॅल्कम याच्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथाबरोबर १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अशा रीतीने पर्वताच्या दोन्ही बाजूंची मैदाने नकाशांत स्थिरावत असताना मधला डोंगरी भाग मात्र रिकामा राहिला.

त्रिकोणीकरण : विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या सर्वेक्षणाची सुरुवात केली, त्याला १८१८ पासून भारताचे मोठे त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट याने रेखावृत्तीय महाचापाचे काम उत्तरेकडे नेले. हा महाचाप खानदेशातून न जाता पूर्वेस वऱ्हाडातून, एलिचपूर (अचलपूर) जवळून गेला व सातपुडा ओलांडून मध्य भारतातील सिरोंजला पोहोचला. तेथे १८२४-२५ मध्ये नवी आधाररेषा मोजण्यात आली. महाचापापासून पश्चिमेस मुंबईपर्यंत नेलेली रेखांशीय मालिका आणि तिच्यातून उत्तरेकडे निघालेली खानपिसुरा रेखावृत्तीय मालिका यांच्यामुळे खानदेशातील डोंगरमाथे त्रिकोणांच्या राष्ट्रीय जाळ्याशी जोडले गेले.

त्रिकोणीकरणाचे तत्त्व साधे आहे. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या टोकांचे दोन कोन माहीत असल्यास उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्या बाजू पुढील त्रिकोणांना पाया म्हणून वापरता येतात. प्रत्यक्ष मोजावे लागते ते एका आधाररेषेचे अंतर. त्यापुढे थिओडोलाइटने केवळ कोन मोजावयाचे असतात. मात्र एका माथ्यावरून दुसरा माथा दिसला पाहिजे, ही अट असते. त्यासाठी माथ्यांवरील झाडे तोडावी लागत, दगडी चौथरे बांधावे लागत व अवजड उपकरणे माणसांच्या खांद्यांवरून चढवावी लागत. ज्या माथ्यांवर लोकांची देवस्थाने होती, तेच बहुधा सर्वांत उंच व सर्वांत सोयीचे असत. उभ्या कोनांवरून शिखरांची उंचीही काढली जाई. पुढे १८५८ पासून देशात सूक्ष्म तलेक्षणाचे काम सुरू झाले आणि १९०९ मध्ये नऊ भरतीमापन केंद्रांवरील सरासरी समुद्रसपाटी प्रमाण धरून सर्व उंचींचा मेळ घालण्यात आला. आज सातपुड्यातील कोणत्याही ठिकाणाची जी उंची नकाशात दिसते, तिचा पाया या दोन कामांत आहे.

त्रिकोणीकरणाने प्रदेशाचा सांगाडा मिळतो. त्यातील नद्या, वाटा व वस्त्या त्याने दाखविल्या जात नाहीत. ते काम प्लेन टेबलाने होते. तिपाईवर बसविलेल्या फळीवर कागद ताणून, दर्शरेखकातून परिचित शिखरे पाहून, सर्वेक्षक जागेवरच नकाशा रेखाटतो. हे काम बहुतांशी भारतीय उपसर्वेक्षकांनी व त्यांच्याबरोबरच्या खलाशांनी केले. नकाशावर त्यांची नावे क्वचितच आढळतात.

महसुली मोजणी आणि १८५२ चा विरोध : मुंबई इलाख्यातील महसुली मोजणीची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ पासून पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात विकसित केली. १८४७ मधील संयुक्त अहवालाने तिचे नियम निश्चित झाले. या पद्धतीत ३३ फुटांची साखळी वापरीत. ३३ फूट लांब व तेवढ्याच रुंद चौरसास एक गुंठा म्हणत व ४० गुंठ्यांचा एक एकर होई. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर देऊन त्याचे टिपण तयार केले जाई, बांधावर दगड रोवले जात आणि जमिनीची प्रत ठरवून आकारणी केली जाई. शंकू-साखळी, टिपण, गुंठा हे शब्द ग्रामीण महाराष्ट्राच्या नित्य व्यवहारात रुळले ते या मोजणीमुळे.

१८५२ मध्ये ही मोजणी खानदेशात सुरू होताच तापीकाठच्या समृद्ध गावांतून तीव्र विरोध झाला. यावल, सावदे, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकरी मोठ्या संख्येने एकत्र जमले. मोजणी थांबवावी व अधिकाऱ्यांनी परत जावे, अशी त्यांची मागणी होती. मोजणीनंतर सारा वाढेल, ही भीती त्यामागे होती. शासनाने फौज आणून हा विरोध मोडला व मोजणी पुढे चालू ठेवली. साखळी ही कराची पूर्वसूचना असते, हे शेतकऱ्यांनी अचूक ओळखले होते. तथापि याच साखळीने त्यांच्या शेताला क्रमांक दिला व कब्जाला लेखी आधारही मिळवून दिला. सपाटीवरील शेतकऱ्याच्या दृष्टीने मोजणी अशी दुहेरी होती.

सातपुड्याच्या पायथ्याशी ही साखळी थांबली. डोंगरातील शेती विखुरलेली, उताराची व काही वर्षांनी जागा बदलणारी होती. तिच्यापासून मिळणाऱ्या साऱ्याच्या मानाने मोजणीचा खर्च परवडणारा नव्हता. नाशिक-खानदेशाच्या डोंगराळ भागांत त्यामुळे शेताऐवजी औतावर, म्हणजे नांगर व बैलजोडीवर, आकारणी करण्याची पद्धत सोयीची मानली जाई. या पद्धतीत किती औते आहेत याची नोंद राहते, ती कोणत्या जमिनीवर चालतात याची राहत नाही. काठी, चिखली, सिंगपूर इ. मेहवासी जहागिरी तर नियमित प्रशासनाबाहेरच होत्या व भारतीय स्वातंत्र्यानंतर त्या मुंबई राज्यात विलीन झाल्या. पायथ्याच्या गावांत अशा रीतीने सर्व्हे नंबर संपतात व पुढे नकाशात कोरा भाग लागतो. पायथ्यावरील ही सीमा निसर्गाने घातलेली नसून महसूल खात्याच्या हिशेबाने ठरलेली होती.

स्थलवर्णनात्मक पत्रके : ईस्ट इंडिया कंपनीने १८२७ मध्ये एका इंचास चार मैल या प्रमाणावरील भारतीय नकाशासंग्रहाचे प्रकाशन लंडनमध्ये सुरू केले. १८६८ नंतर त्याच्या ताम्रपटांचे काम कलकत्त्यास होऊ लागले. या पत्रकांत डोंगर दाखविण्यासाठी उताराच्या दिशेने काढलेल्या बारीक तुटक रेषांचा उपयोग करीत. अशा रेषांनी डोंगराचा आकार डोळ्यांत भरतो, परंतु त्यांवरून कोणत्याही बिंदूची उंची सांगता येत नाही.

या नकाशांची अपूर्णता १८५७-५८ मध्ये विशेष जाणवली. सेंधवा घाटाच्या रक्षणाचे काम पूर्वी ज्याच्याकडे होते, त्या खाजा नाईकाने व भीमा नाईक याने सातपुड्यात ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला. मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधवा घाटात सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली व तीत भिल्लांची फार हानी झाली. उठाववाल्यांना डोंगराचा कानाकोपरा माहीत होता. त्यांच्या पाठलागावरील फौजांना वाटाड्यांवर विसंबावे लागे.

१८७० नंतरच्या दशकात खानदेश व मुंबई इलाख्यातील संस्थाने यांच्या स्थलवर्णनात्मक सर्वेक्षणासाठी स्वतंत्र तुकडी काम करीत होती. १८७८ मध्ये त्रिकोणमितीय, स्थलवर्णनात्मक व महसुली सर्वेक्षणे एकत्र करून भारतीय सर्वेक्षण विभागाची पुनर्रचना झाली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरील बारावा खंड जेम्स कॅम्बेल याच्या संपादनाखाली १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सातपुड्याचे घाट, नद्या, किल्ले व जमाती यांचे तपशीलवार वर्णन आहे. नकाशा व वर्णन यांची सांगड खानदेशाच्या बाबतीत येथे प्रथमच चांगल्या प्रकारे पडलेली दिसते.

१९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर एका इंचास एक मैल (१:६३,३६०) या प्रमाणावरील रंगीत पत्रकांची नवी मालिका हाती घेण्यात आली. तीत उतार-रेषांऐवजी समोच्चरेषा आल्या. या मालिकेच्या क्रमांकपद्धतीनुसार ७२° ते ७६° पूर्व व २०° ते २४° उत्तर यांमधील प्रदेश ४६ या क्रमांकाखाली येतो. त्याचे एकेका अंशाचे सोळा विभाग पाडले असून त्यांपैकी ४६ के या विभागात अक्राणी, धडगाव व तोरणमाळ, तर ४६ ओ या विभागात यावलचा डोंगरपट्टा येतो. रावेर ७६° रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेस असल्याने ते ५५ सी मध्ये पडते. मेट्रिक पद्धतीच्या स्वीकारानंतर ही पत्रके १:५०,००० या प्रमाणावर आणण्यात आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवाई छायाचित्रांवरून ती सुधारण्याची पद्धत रूढ झाली.

स्थलनामे : नकाशावरील नावांची कथाही बोधप्रद आहे. सातपुड्यातील गाव सलग वस्तीचे नसते; ते डोंगरसोंडांवर विखुरलेल्या पाड्यांचे असते. पत्रकात मात्र एखादेच नाव मावते. त्यामुळे ज्या पाड्यावर सर्वेक्षक पोहोचला किंवा जे नाव वाटाड्याने सांगितले, तेच बहुधा सर्व गावाचे ठरले. भिल्ली व पावरी बोलींतील उच्चार रोमन लिपीत उतरविले गेले व तेथून ते पुन्हा देवनागरीत आले. या दुहेरी प्रवासात काही ध्वनी बदलले. सपाटीवरही हा प्रकार घडला. धुळ्याचे धुलिया झाले. तळोदे, शहादे, चोपडे, सावदे ही एकारान्त मराठी नावे तळोदा, शहादा, चोपडा, सावदा अशी कागदोपत्री स्थिर झाली.

डोंगरातील अनेक नावे पाणी व झाड यांवरून पडलेली आहेत. आंबापाणी हे नाव सातपुड्यात एकाहून अधिक ठिकाणी आढळते. यावल भागातील लंगडा आंबा हे नावही याच प्रकारचे आहे. उनपदेव व सुनपदेव या चोपडे भागातील नावांत उष्ण झऱ्यांची खूण आहे. कोठे पाणी टिकते व कोणते झाड वाट दाखविते, याचा स्थानिकांनी मनात बाळगलेला नकाशाच या नावांतून व्यक्त होतो. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांनी तो अंशतः का होईना, जतन केला आहे.

वनसीमांचे नकाशे : मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद १८४७ मध्ये निर्माण झाले व अलेक्झांडर गिब्सन हा पहिला वनसंरक्षक झाला. १८६० च्या दशकात खानदेशातून लोहमार्ग गेल्याने रेल्वेच्या स्लीपरांसाठी इमारती लाकडाची मागणी वाढली. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव व संरक्षित वने घोषित करण्याची तरतूद झाली. सीमा निश्चित करण्यासाठी अधिक मोठ्या प्रमाणाचे नकाशे आवश्यक होते. वनांच्या सर्वेक्षणासाठी एका मैलास चार इंच हे प्रमाण सामान्यतः स्वीकारण्यात आले. प्रत्यक्ष जमिनीवर दगडी बुरूज उभारून, त्यांना क्रमांक देऊन, मध्ये जाळरेषा काढून वनाची हद्द दाखविली जाई. आतील क्षेत्र कक्षांत विभागून त्यांतील तोडीचे वेळापत्रक कार्य-आयोजनेत नमूद करीत.

राखीव वन घोषित करण्यापूर्वी हक्क सांगणाऱ्यांना किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी, अशी कायद्यात तरतूद होती; मुदतीत न मांडलेले हक्क नष्ट होत. ज्या शेतकऱ्याजवळ सर्व्हे नंबर व टिपण होते, त्यास या तरतुदीचा उपयोग होता. ज्याच्या जमिनीची मोजणीच झाली नव्हती, त्यास आपले शेत कागदावर दाखविण्याचे कोणतेही साधन नव्हते. जी जमीन महसूल खात्याच्या नकाशात कोरी होती, तीच वन खात्याच्या नकाशात राखीव वन म्हणून भरली गेली. तीवर पिढ्यान् पिढ्या राहणारा भिल्ल, पावरा किंवा तडवी शेतकरी कायद्याच्या भाषेत अतिक्रमक ठरू लागला. वनातील मजुरीसाठी वसविलेल्या वनग्रामांतही कसणाऱ्यांस कायम कब्जाचा हक्क नव्हता. पुढे अनेक वनग्रामांना महसुली गावांचा दर्जा देण्यात आला, तरी शेतांची तपशीलवार मोजणी हा प्रश्न शिल्लक राहिला.

समोच्चरेषा व सरदार सरोवर : नकाशातील रेषेचे महत्त्व किती असू शकते, हे नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पाच्या वेळी स्पष्ट झाले. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने डिसेंबर १९७९ मध्ये दिलेल्या निवाड्यात जलाशयाची पूर्ण पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८·६८ मी., निश्चित केली. या जलाशयामुळे महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. कोणाचे घर व शेत पाण्याखाली जाणार, हे आता उंचीवरून ठरावयाचे होते.

१:५०,००० या प्रमाणाच्या पत्रकांत समोच्चरेषा सर्वसाधारणपणे २० मी.च्या अंतराने असतात. त्यांत १२० मी.ची व १४० मी.ची रेषा मिळते, १३८·६८ मी.ची रेषा मिळत नाही. शिवाय या प्रमाणावर नकाशातील एक मिमी. म्हणजे जमिनीवरील ५० मी. अंतर होय; अर्धा मिमी. जाडीची रेषाच २५ मी. रुंदीचा पट्टा व्यापते. पाच अंशांच्या सौम्य उतारावर उंचीत एक मी.ची चूक झाली, तर पाण्याची कड सु. ११ मी.ने सरकते. नदीकाठचे लहान शेत एवढ्या पट्ट्यात सामावू शकते. यावरून असे दिसते, की स्थलवर्णनात्मक पत्रक हे प्रदेशाची सर्वसाधारण रचना समजण्यास उत्तम साधन असले, तरी व्यक्तीच्या शेताचा निर्णय त्यावरून करता येत नाही. त्यासाठी जागेवर तलेक्षण व शेतवार मोजणी करणे अपरिहार्य ठरते.

नेमकी हीच मोजणी या गावांत पूर्वी झालेली नव्हती. कसणाऱ्या अनेकांची नावे जमिनीच्या अभिलेखांत नसल्याने त्यांना पुनर्वसनासाठी पात्र ठरविण्यात अडचणी आल्या. जागतिक बँकेने नेमलेल्या मॉर्स समितीच्या १९९२ च्या स्वतंत्र अहवालात अतिक्रमक ठरविलेल्या या शेतकऱ्यांच्या प्रश्नाची दखल घेण्यात आली. पुनर्वसनासाठी तळोदे भागातील वनजमीन उपलब्ध करून देण्यात आली. त्या जमिनीवरही आधीपासून इतर आदिवासी शेती करीत होते व त्यांचीही नकाशात नोंद नव्हती. अशा रीतीने एका कोऱ्या जागेचा प्रश्न दुसऱ्या कोऱ्या जागेत नेला गेला. धरणाचे बांधकाम २०१७ मध्ये पूर्ण झाले व सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला. नर्मदेच्या काठची जुनी पत्रके तेव्हापासून पाण्याखालील भूस्वरूपाचा ऐतिहासिक दस्तऐवज बनली आहेत.

अलीकडील काळ : २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी उपयोगासाठी खुल्या पत्रकांची स्वतंत्र मालिका सुरू झाली. तीत आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धती वापरली असून खानदेशाचा प्रदेश एफ-४३ या गटात येतो. २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी व २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने नकाशे तयार करण्यावरील व वापरण्यावरील बंधने आणखी शिथिल केली. उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमांमुळे दुर्गमता ही मोजणीतील अडचण राहिली नाही. यावल अभयारण्य (स्थापना १९६९) व अनेर धरण अभयारण्य (१९८६) यांसारख्या संरक्षित क्षेत्रांतील वनाच्छादनात होणारे बदल आता अशा प्रतिमांवरून अभ्यासता येतात.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने या इतिहासास वेगळे वळण दिले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर हक्क मागण्याची त्यात तरतूद आहे. पुरावा म्हणून जुने नकाशे, गॅझेटिअर, वन खात्याच्या कार्य-आयोजना व उपग्रह-प्रतिमा ग्राह्य धरल्या आहेत. त्याचबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही ग्राह्य आहे. ज्यांचे शब्द सर्वेक्षकास वाट विचारण्यापुरते उपयोगी पडत, त्यांचे कथन यामुळे अभिलेखाच्या दर्जास पोहोचले. दाव्यांच्या पडताळणीसाठी जीपीएस उपकरणाने शेताची कड चालून मोजली जाते व तयार झालेला आराखडा ग्रामसभेपुढे ठेवला जातो. मात्र दाट झाडी व खोल दऱ्या यांमुळे अशा उपकरणांच्या मोजणीत काही मी.ची चूक राहू शकते. उपग्रह-प्रतिमेत झाडांखालची किंवा पडीक ठेवलेली शेतीही सहज ओळखता येत नाही. म्हणून उपकरण, प्रतिमा व शेजाऱ्यांची साक्ष यांचा मेळ घालणे आवश्यक ठरते.

महत्त्व : खानदेशातील सातपुड्याचे जुने नकाशे भूगोल, वनशास्त्र व सामाजिक इतिहास या तिन्ही दृष्टींनी मोलाचे आहेत. नद्यांच्या पात्रांतील बदल, वनांची पीछेहाट, लुप्त झालेल्या वाटा आणि स्थलांतरित वस्त्या यांचा मागोवा त्यांवरून घेता येतो. तथापि ते वाचताना ते कोणी व कोणत्या कामासाठी तयार केले, हे प्रथम पाहावे लागते. नकाशातील कोरी जागा म्हणजे ओसाड जागा नव्हे. तेथे नकाशा काढणाऱ्यास मोजण्याजोगे काही वाटले नाही, एवढाच तिचा अर्थ होतो. तापीकाठच्या शेतकऱ्याने १८५२ मध्ये साखळीला विरोध केला आणि दीडशे वर्षांनंतर अक्राणीतील शेतकरी आपले शेत मोजून मिळावे म्हणून अर्ज करू लागला. या दोन घटनांत वरवर विसंगती दिसत असली, तरी जमिनीवरील आपला कब्जा सुरक्षित राहावा, हीच चिंता दोन्हींच्या मुळाशी आहे.